यंत्र आकडा देते, पण नमुना माणूसच तयार करतो: पशुपरिचारिका आणि प्रयोगशाळेचे काम याविषयीच्या एका दाव्याला उत्तर

पशुवैद्यकीय परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्यांमध्ये आणि दवाखाने चालवणाऱ्यांमध्येही एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे आहे की, आता दवाखान्यात स्वयंचलित ॲनालायझर (नमुन्यातील घटक मोजणारी यंत्रे) आले आहेत, नळी ठेवली की काही मिनिटांत छापील अहवाल हातात येतो, लघवीची पट्टी कोणालाही बुडवता येते, विष्ठेचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो आणि निदान तर डॉक्टरच करतात. तेव्हा परिचारिकांनी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर), सूक्ष्मदर्शक आणि सेंट्रिफ्यूज (नमुना वेगाने फिरवून त्यातील घटक वेगळे करणारे यंत्र) शिकण्यात वेळ न घालवता तो प्राण्यांच्या शुश्रूषेला द्यावा.

या म्हणण्यातील काही भाग खरा आहे आणि तो आधीच मान्य करायला हवा. परिचारिकांवर कामाचा बोजा मोठा असतो. हजारो पेशी मोजण्याच्या कामात यंत्र माणसापेक्षा वेगवान असते आणि थकत नाही. परंतु तपासणी यंत्राचे झाकण उघडल्यावर सुरू होते, हे गृहीतक संपूर्ण मजकुराच्या मुळाशी आहे आणि तेच चुकीचे आहे. तपासणी सुरू होते ती सुई शिरेत जाते तेव्हा, किंबहुना कोणती नळी हाताशी ठेवायची हे ठरते तेव्हा.

पहिला मुद्दा असा मांडला जातो की, ॲनालायझर सर्व काही मोजतो. प्रत्यक्षात अनेक ॲनालायझर पेशी ओळखत नाहीत. ते कणांचा आकार मोजतात आणि आकारावरून त्यांची वर्गवारी करतात. मांजराच्या प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणारे कण) मोठ्या असतात, तांबड्या पेशी लहान असतात आणि रक्त काढताना जराशी ओढाताण झाली तरी प्लेटलेट एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. मग मोठ्या प्लेटलेट तांबड्या पेशींत मोजल्या जातात, पुंजके गणनेतून निसटतात किंवा पांढऱ्या पेशींत जमा होतात आणि अहवालात प्लेटलेटची संख्या धोकादायक वाटावी इतकी कमी छापली जाते. त्या आकड्यावर विसंबून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते किंवा नसलेल्या आजाराचे औषध सुरू होऊ शकते. याची शहानिशा करण्याचा मार्ग साधा आहे. स्मिअर करावा, त्याच्या पातळ होत गेलेल्या शेवटच्या कडेला पुंजके आहेत का ते पाहावे आणि पेशी एकेरी थरात पसरलेल्या भागात तेलाचा थेंब टाकून वापरायच्या भिंगाखाली प्लेटलेट मोजाव्यात. तिथे एका दृश्यक्षेत्रात दिसणारी प्रत्येक प्लेटलेट ढोबळमानाने दर मायक्रोलिटरला 15,000 ते 20,000 प्लेटलेट दर्शवते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीच्या अनेक कुत्र्यांत प्लेटलेट जन्मतःच मोठ्या आणि संख्येने कमी असतात, तरीही ती कुत्री निरोगी असतात. हे माहीत असलेली परिचारिका अहवाल पुढे देतानाच डॉक्टरांच्या कानावर घालते.

पांढऱ्या पेशींच्या बाबतीतही असेच घडते. ॲनिमिया झालेल्या कुत्र्याच्या रक्तात केंद्रक असलेल्या अपरिपक्व तांबड्या पेशी येतात आणि पुष्कळ यंत्रे त्यांना पांढऱ्या पेशी समजतात. यंत्राने 20,000 पांढऱ्या पेशी दाखवल्या आणि स्मिअरमध्ये 100 पांढऱ्या पेशींमागे अशा 25 तांबड्या पेशी आढळल्या, तर 20,000 ला 100 ने गुणून 125 ने भागावे लागते आणि खरी संख्या 16,000 येते. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत तर सर्वच तांबड्या पेशींना केंद्रक असते, त्यामुळे सस्तन प्राण्यांसाठी बनवलेले यंत्र तिथे भरवशाचे राहत नाही. बबेशियासारखा रक्तातील परजीवी, मांजराच्या पेशींतील हाइन्झ बॉडी (बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे ठिपके), प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने गोल झालेल्या स्फेरोसाइट पेशी, या गोष्टी छापील आकड्यांत सहसा उमटत नाहीत. त्या दिसतात काचेवरच.

आणि काचेवर दिसण्यासाठी स्मिअर चांगला उतरावा लागतो. रक्ताचा थेंब लहान हवा. दुसरी काच सुमारे 30 ते 40 अंशांत तिरपी धरून थेंबापर्यंत मागे आणावी, रक्त तिच्या कडेने दोन्ही बाजूंना पसरू द्यावे आणि मग न थांबता, दाब न देता, एकाच गतीने पुढे न्यावी. ॲनिमियाच्या पातळ रक्तासाठी कोन थोडा वाढवावा, घट्ट रक्तासाठी कमी करावा. स्मिअर लगेच वाळवावा; तो रेंगाळत वाळला तर पेशींवर चकाकणारे ठिपके उमटतात आणि नवख्या नजरेला ते परजीवी वाटतात. फॉर्मलिनच्या बरणीजवळ न रंगवलेली स्लाइड ठेवू नये, कारण तिच्या वाफेने पेशी नीट रंग घेत नाहीत. स्लाइडवरचे नाव पेन्सिलीने लिहावे, शाई रंगवण्याच्या द्रावणात धुऊन जाते. यातले काहीही अवघड नाही, परंतु एकदा पाहून हे हाताला येत नाही.

दुसरा मुद्दा नमुना घेणे म्हणजे निव्वळ रक्त काढणे, असा आहे. माझ्या मते संपूर्ण मजकुरातील हे सर्वांत घातक विधान आहे, कारण इथे झालेली चूक पुढचे कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही, उलट ती दशांश चिन्हासह नीटनेटकी छापून देते. जांभळ्या झाकणाच्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारे रसायन, असते. त्या नळीत रक्त आधी भरले, तिथले थोडे रक्त साध्या नळीत ओतले किंवा झाकणांची अदलाबदल झाली, तर सीरममधील (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवातील) पोटॅशियम खोटेच वाढते आणि कॅल्शियम खोटेच घटते, कारण ईडीटीए कॅल्शियमला बांधून ठेवते. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइमही खाली येते. पोटॅशियम हृदयाला धोका पोचवील इतके वाढलेले, कॅल्शियम आचके यावेत इतके घटलेले आणि प्राणी मात्र समोर शांतपणे उभा, असा अहवाल आला की सर्वांत आधी नळीवर संशय घ्यायचा असतो. ईडीटीएची नळी अर्धवट भरली तर जास्त झालेल्या ईडीटीएमुळे तांबड्या पेशी आक्रसतात आणि पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे टक्केवारीतील प्रमाण) कमी येते. रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी सायट्रेट या दुसऱ्या गोठणरोधकाच्या 1 भागाला रक्ताचे 9 भाग हे प्रमाण मोडले तर त्या चाचणीवर विसंबता येत नाही.

वेळ हाही नमुन्याचाच भाग आहे. पेशींपासून वेगळे न केलेल्या रक्तात पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि सामान्य तापमानाला ते ताशी सुमारे 5 ते 10 टक्क्यांनी घटत जाते. सकाळी काढलेले रक्त दुपारपर्यंत तसेच राहिले, तर निरोगी पिल्लाचीही साखर धोक्याइतकी कमी दिसेल. सिरिंजमधील रक्त बारीक सुईतून जोराने नळीत ढकलले तर तांबड्या पेशी फुटतात. त्याचा परिणाम प्राण्यानुसार बदलतो: घोड्याच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम भरपूर असल्याने ते सीरममध्ये उतरते, बहुतेक कुत्र्यांच्या पेशींत ते कमी असते, तर अकिता जातीच्या अनेक कुत्र्यांत पुन्हा जास्त असते.

याच ठिकाणी सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या केशनळीबद्दल (रक्त भरलेल्या अतिशय बारीक काचनळीबद्दल) थोडे सविस्तर लिहितो, कारण दवाखान्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी तपासणी तीच आहे. पाच मिनिटे फिरवलेल्या त्या नळीत पीसीव्ही तर मिळतेच. शिवाय प्लाझ्मा, म्हणजे पेशींच्या वर राहिलेला द्रव, पिवळा आहे, तांबूस आहे की दुधाळ, हे डोळ्यांनी दिसते. मांजराचा गडद पिवळा प्लाझ्मा काविळीकडे बोट दाखवतो, घोड्याचा मात्र निरोगी असतानाही पिवळसर असतो. नळी मोडून त्या प्लाझ्माचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वळण्यावरून द्रवाचा घट्टपणा मोजणाऱ्या उपकरणावर) ठेवले की एकूण प्रथिनेही कळतात आणि मग दोन आकडे एकत्र वाचता येतात. दोन्ही वाढले असतील तर शरीरातील पाणी कमी झाल्याचा संशय येतो. पीसीव्ही घटून प्रथिने ठीक असतील तर पेशी फुटत आहेत किंवा पुरेशा बनत नाहीत. दोन्ही घटले असतील तर रक्तस्राव शोधावा लागतो. अपघातात नुकताच सापडलेल्या कुत्र्यात प्लीहा आकुंचन पावून राखीव पेशी रक्तात सोडते, त्यामुळे पीसीव्ही सुरुवातीला ठीक दिसू शकते आणि प्रथिने आधी उतरतात. केवळ पीसीव्हीचा आकडा वाचून सांगणाऱ्याच्या हातून हा रक्तस्राव निसटतो.

तिसरा मुद्दा लघवीच्या पट्टीचा. पट्टी बुडवता कोणालाही येते, पण तिच्यावरचा प्रत्येक चौकोन प्राण्यांसाठी वापरण्याजोगा नसतो, हे शिकावे लागते. पट्टीवरचे विशिष्ट गुरुत्व (लघवी किती घट्ट आहे याचे माप) प्राण्यांच्या लघवीसाठी भरवशाचे नाही, ते रिफ्रॅक्टोमीटरवरच पाहावे. पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजरात वारंवार खोटा रंग देतो आणि कुत्र्यात खरा संसर्गही चुकवतो. बिलिरुबिनची (काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याची) किंचित छटा कुत्र्याच्या घट्ट लघवीत निर्धोक असू शकते, मांजरात ती कधीच दुर्लक्षू नये. लघवी शक्यतो अर्ध्या तासात तपासावी. फ्रिजमध्ये ठेवली तर शरीरात नसलेले स्फटिक बाटलीत तयार होऊ शकतात, आणि तिथून काढलेली लघवी सामान्य तापमानाला आल्याशिवाय पट्टी बुडवू नये.

रक्ताचा चौकोन रंगला म्हणजे लघवीत रक्तच आहे, असेही नाही. त्या चौकोनाला अखंड पेशी, हिमोग्लोबिन आणि स्नायूंतून आलेले मायोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. लाल लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी लाल साका बसला आणि वरचा द्रव स्वच्छ झाला, तर त्या पेशी आहेत. द्रव लालच राहिला, तर त्याच प्राण्याचा प्लाझ्मा पाहावा: तो तांबूस असेल तर हिमोग्लोबिनचा संशय बळावतो, स्वच्छ असेल तर मायोग्लोबिनचा. मूत्रमार्गाचा रक्तस्राव, रक्तपेशींचा नाश आणि स्नायूंची इजा, अशा तीन वेगळ्या वाटा या दोन नळ्यांनी वेगळ्या होतात आणि त्यासाठी लागणारी साधने त्या मजकुरात निरुपयोगी ठरवलेलीच आहेत.

विष्ठा बाहेर पाठवता येते, हा चौथा मुद्दा अंशतः बरोबर आहे. मात्र जिआर्डिया या आतड्यातील एकपेशीय परजीवीच्या हलत्या अवस्था ताज्या विष्ठेतच जिवंत दिसतात. प्रवासात त्या मरतात. शिवाय कोणती पद्धत मागायची हे पाठवणाऱ्यालाच ठरवावे लागते. यकृतातील पर्णकृमींची अंडी जड असल्याने, ज्यात विष्ठा मिसळून अंडी वर तरंगवतात त्या नेहमीच्या द्रावणावर तरंगत नाहीत, त्यांच्यासाठी साका पाडावा लागतो, तर फुप्फुसातील कृमींच्या अळ्यांसाठी बेअरमन पद्धत (विष्ठेतून पाण्यात उतरलेल्या अळ्या तळाशी गोळा करण्याची) लागते. अंडी दिसली नाहीत म्हणून जंत नाहीत, असा निष्कर्षही काढता येत नाही. गर्भातच गोलकृमींची लागण झालेल्या पिल्लाच्या विष्ठेत सुमारे तीन आठवड्यांपर्यंत अंडी येत नाहीत. शेळ्या-मेंढ्यांत जंतनाशकाचा परिणाम होतो आहे की जंत त्याला दाद देईनासे झाले आहेत, हे कळण्यासाठी औषधापूर्वी आणि औषधानंतर साधारण दोन आठवड्यांनी मॅकमास्टर काचेवर (अंडी मोजण्यासाठी रेघा आखलेल्या काचेवर) अंडी मोजावी लागतात. तिच्या प्रचलित पद्धतीत दिसलेल्या प्रत्येक अंड्याला 50 ने गुणतात, म्हणजे एका हवेच्या बुडबुड्याला अंडे समजले तरी उत्तर 50 ने चुकते.

निदान डॉक्टर करतात, म्हणून परिचारिकेला हे समजण्याची गरज नाही, असा शेवटचा मुद्दा आहे. निदान डॉक्टरांनीच करावे, त्याविषयी वाद नाही. परंतु रक्त सहज आले की तीनदा सुई टोचावी लागली, मांजर धडपडत होते का, नळी किती वेळ तशीच राहिली, यंत्रावर आज कंट्रोलचा (आधीच मूल्य माहीत असलेला) नमुना चालवला होता का आणि तो मर्यादेत होता का, या गोष्टी डॉक्टरांच्या हातात येणाऱ्या कागदावर सहसा नसतात. त्या परिचारिकेलाच ठाऊक असतात. घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेहाशिवायही बरीच वाढते. धडपडीची नोंद केली नाही तर तो आकडा मधुमेहासारखा वाचला जाईल. लेप्टोस्पायरा (माणसालाही लागण करणारे जीवाणू) असलेली लघवी हाताळताना हातमोजे घालणे, सेंट्रिफ्यूज पूर्ण थांबल्याशिवाय झाकण न उघडणे, या सवयीही प्रयोगशाळेचे काम शिकतानाच लागतात आणि त्या परिचारिकेच्या स्वतःच्या जिवासाठी असतात.

वेळ शुश्रूषेला द्यावा, या आग्रहाबद्दल बोलायचे तर नमुना बिघडला की तो पुन्हा घ्यावा लागतो आणि त्याची किंमत प्राणी मोजतो. मांजराच्या शरीरात दर किलोमागे साधारण 60 मिलिलिटर रक्त असते, म्हणजे अर्ध्या किलोच्या पिल्लात सुमारे 30 मिलिलिटर. निरोगी प्राण्यातूनही एका वेळी एकूण रक्ताच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त काढू नये, हा सर्वसाधारण दंडक धरला, तर त्या पिल्लासाठी ती मर्यादा 3 मिलिलिटरची आहे आणि ते आजारी किंवा ॲनिमिक असेल तर त्याहून बरीच कमी. एक नळी गोठली आणि दुसरीत ईडीटीए मिसळले, तर तिसऱ्या नळीसाठी त्या पिल्लाकडून घेण्याजोगे फारसे रक्त उरत नाही.