वायनरी पाहावी, वाइन चाखू नये

नाशिकला येऊन एखादी छोटी, घरचीच माणसे चालवतात अशी वायनरी पाहण्याचा बेत आपण आखला असेल, तर आधी त्या दिवसाचा क्रम नीट लावून घ्यावा. पहाटे त्र्यंबकेश्वराचे दर्शन, दहा वाजता लालभडक तर्रीची मिसळ, वर दोन जादा पाव, आणि दुपारी एकच्या सुमारास, जिभेवर तिखटाचा थर पक्का बसलेला असताना, वाइन. जीभ अशी आधीच कामातून गेली की पुढची सगळी मते किमतीवरून बनवता येतात, आणि आपण एवढ्या लांब येतो ते त्यासाठीच.

महिना निवडायचा तर एप्रिल. जानेवारी ते मार्च तोडणीचा हंगाम असतो. तेव्हा गेल्यास सकाळच्या गारव्यात तोडलेले घड क्रेटमधून येताना दिसतात, कोणीतरी चार मणी तळहातावर ठेवते, आणि वाइनचे द्राक्ष बाजारातल्या थॉमसनपेक्षा लहान, जाड सालीचे आणि बियांचे का असते हे समजून घेण्याची नसती आपत्ती ओढवते. एप्रिलमध्ये मात्र खरड छाटणी उरकलेली असते आणि बाग उघडीबोडकी दिसते. ‘इथे तर फोटोला काहीच नाही’ अशी तक्रार करण्यास ही वेळ फार सोयीची आहे. यावर आपल्याला सांगितले जाईल की आमच्याकडच्या वेलीला युरोपातल्यासारखी कडक थंडीतली झोप मिळत नाही, म्हणून ती वर्षातून दोनदा छाटावी लागते: उन्हाळ्यात खरड छाटणी, जिच्यामुळे नवी काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जिच्यावर पीक धरते. हे चालू असताना घड्याळाकडे पाहत राहावे.

फाटक उघडणारा, टाक्या दाखवणारा आणि शेवटी ग्लास विसळणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याला ‘मालक कुठे आहेत?’ असे अवश्य विचारावे. २००१ साली राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, त्यानंतर दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत अनेकांनी वायनरी उभारल्या, पुढे मंदीत त्यांतल्या कित्येकांना कुलपे लागली, आणि जे टिकले ते असे सगळी कामे स्वतः करून टिकले, असल्या तपशिलांत आपण शिरू नये.

आत दारू पिण्याचा एक दिवसाचा परवाना पुढे केला जाईल. तो भरताना ‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे’ हा वाद काढावा. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने तो पोटभर घालून झालेला असल्यामुळे मुद्दे तयारच सापडतात.

मेजावर स्टीलची एक छोटी बादली ठेवलेली असते. ती पिकदाणीच, फक्त पानाची नव्हे. पाच-सहा वाइन ओळीने चाखायच्या तर प्रत्येक घोट गिळण्याची गरज नाही, हे जगभरचे जाणकार मानतात. परंतु ते नाशिकचे पाहुणे नसतात. आपण पैसे मोजले आहेत, तेव्हा बादली सरकवून ठेवावी आणि तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्या वाइन सारख्याच लागतात असे जाहीर करावे.

माझे पुण्याचे साडू या बाबतीत आदर्श आहेत. गेल्या वर्षी मी त्यांना अशाच एका ठिकाणी घेऊन गेलो. घरातल्या बाईंनी वाटीत पातळ पोह्यांचा चिवडा आणून ठेवला आणि मालकांनी थंडगार शेनिन ब्लां ओतली. बाटलीवरचे लेबल हाताने चिकटवलेले, डाव्या अंगाला किंचित उतरते. ग्लासाला बाहेरून दव धरलेले. चिवड्यातल्या मिरचीवर त्या वाइनचा हलका गोडवा आणि मागाहून येणारी आंबटसर धार अशी काही बसली की मी वाटी जवळ ओढली. साडूंनी ग्लास मात्र ओठाला न लावता आधी किंमत विचारली. सहाशे रुपये, असे उत्तर आले.

‘मग असून असून काय असणार?’ साडू म्हणाले.

ही वाइन लाकडी पिंपात नव्हे तर थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाकीत आंबवली आहे आणि परदेशी बाटलीच्या किमतीत आयातशुल्क व जहाजाचे भाडे मोठे असते, असे मालक नम्रपणे सांगत होते. साडूंचे सगळे लक्ष बाटलीच्या फिरकीच्या झाकणावर होते. बूच नसलेल्या बाटलीला ते वाइन मानत नाहीत. ताजेपणीच प्यायच्या वाइनला हे झाकण उत्तम राखते, हा खुलासा त्यांनी हसून सोडून दिला.

निघताना त्यांनी केवळ माझ्या भिडेखातर एक शिराझ घेतली. तांबडी वाइन रूम टेंपरेचरला ठेवतात, हे त्यांनीच मालकांना ऐकवले. ही ‘रूम’ थंड मुलखातली, सोळा ते अठरा अंशांची असते, आपली उन्हाळ्यातली चाळिशीला टेकलेली नव्हे, हे सांगायला मालकांनी तोंड उघडले होते. पण साडू तोवर गाडीत बसले होते.

मे अखेरीस त्यांचा फोन आला. बाटली आदल्या रात्री उघडली होती म्हणे, तर उकडलेल्या मनुकांसारखा वास आणि नुसती आंबट चव. नाशिकच्या वाइनमध्ये दम नाही हे आपण तेव्हाच म्हटले होते. मी विचारले, इतके दिवस ठेवली कुठे होती?

‘गाडीच्या डिकीत,’ ते म्हणाले. ‘रूम टेंपरेचरला.’