‘निबंध लिहा आणि सुटा’ असं हा कायदा म्हणत नाही

19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी एका बिल्डरचा अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे: ‘अठराच्या आत असाल तर माणसं मारा, तीनशे शब्दांचा निबंध लिहा आणि घरी जा. बाल न्याय कायदा रद्द करा, चौदाव्या वर्षापासून सरळ तुरुंगात टाका.’ संताप मलाही आला होता. पण मजकुरातली विधानं चुकीची आहेत, आणि त्यांची किंमत भलतीच मुलं मोजतील.

निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. ती मलाही संतापजनक वाटली. तीन दिवसांत बाल न्याय मंडळाने (अल्पवयीन आरोपींची प्रकरणं हेच मंडळ पाहतं) मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशीदरम्यान अशा मुलांना ठेवतात त्या गृहात, पाठवलं. जूनमध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडलं, कारण जामीन रद्द न करता मुलाला असं पुन्हा आत ठेवता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 12 नुसार मुलाला जामीन हाच नियम आहे. तो बिल्डरच्या मुलाला आहे तसाच भंगार वेचणाऱ्या मुलालाही आहे. पण दुसऱ्याला न्यायला कुणी येत नाही, म्हणून तो आतच राहतो. चीड यायची तर याची यावी. या प्रकरणात दारू लपवायला मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे, ती तर सगळी मोठी माणसं. त्यांच्यासाठी बाल न्याय कायदा नाहीच.

‘अल्पवयीनाला काहीच होत नाही’ हेही खोटं. दिल्लीत डिसेंबर 2012 मध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारात एक आरोपी अल्पवयीन होता; त्यानंतर 2015 चा बाल न्याय कायदा आला. किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या निर्घृण गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, मंडळाने प्राथमिक मूल्यमापन केल्यावर, प्रौढ म्हणून खटला चालू शकतो. दोषी ठरला तर एकविसाव्या वर्षापर्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवतात. मग तो सुधारला का हे बाल न्यायालय तपासतं, आणि नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, एवढंच देता येत नाही.

आकड्यांचं थोडक्यात: 2022 मध्ये देशात 58 लाखांवर दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. त्यात अल्पवयीन आरोपी असलेले 30,555, म्हणजे दोनशेत साधारण एक.

आता ‘तुरुंगात टाका म्हणजे अद्दल घडेल’. अमेरिकेने हे करून पाहिलं. नव्वदच्या दशकात तिथल्या अनेक राज्यांनी मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात पाठवणं सोपं केलं. 2007 मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या कृतिगटाने उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा अशी मुलं सुटल्यावर हिंसेकडे जास्त वळतात असं दिसलं. न्यूयॉर्कने पुढे मोठ्यांसारखा खटला चालवण्याची वयाची मर्यादा सोळावरून अठरावर नेली.

आपल्याकडे मुलगा मंडळासमोर पहिल्यांदा उभा राहिल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घरात कमावतं कोण, शाळा कधी सुटली आणि का, मित्र कोण, नशा आहे का, घरी मारहाण होते का, हे सगळं त्यात हवं. त्यावरून त्या एका मुलाची देखभाल योजना ठरते: समुपदेशन, शिक्षण, कामाचं प्रशिक्षण, पाठपुरावा. अधिकारी मुलाच्या वस्तीत न जाताच रकाने भरणार असेल, तर ‘शाळा का सुटली’समोर ‘आवड नाही’ एवढंच येतं, आणि वडील गेल्यावर तो पहाटेपासून हमाली करायचा हे मंडळाला कळतच नाही. बिघाड इथे आहे, आणि तो कायदा फाडून दुरुस्त होत नाही.

शेवटचा दावा: ‘टोळ्या पोरांनाच पुढे करतात, कारण ती सुटतात.’ पुढे करतात, हे खरं आहे. पुण्यात कोयत्याच्या गुन्ह्यांत पंधरा-सोळा वर्षांची मुलं सापडतात. त्यासाठीच याच कायद्यात कलम 83 आहे: मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. पोरगा पकडल्याची बातमी येते, फोटो येतो. त्याच्या हाती कोयता देणाऱ्यावर हे कलम लागलं का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते पोलीस आयुक्तांना आणि आमदारांना विचारायला हवं, प्रत्येक प्रकरणात.