वृद्धाश्रमात भेटायला जाता, तेव्हा नेमकं काय बघता?

जून २०२५ मध्ये नोएडातल्या एका वृद्धाश्रमावर उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने धाड घातली आणि ३९ वृद्धांना बाहेर काढलं. एका आजींचे हात बांधलेले होते. काहींना खोलीत कोंडून ठेवलं होतं, अंगावर धड कपडे नव्हते. तिथल्या व्हिडिओखाली हजारो लोकांनी एकच लिहिलं, 'कसली ही मुलं!' मला तो सूर पटला नाही. नातेवाईक तिथे पैसे भरत होते, हेही तेव्हाच्या बातम्यांत होतं. मग भेटायला गेलेल्यांना दिसलं कसं नाही, हा प्रश्न मला जास्त छळतो.

पक्षाघात झालेल्या, खुबा मोडलेल्या पेशंटचे व्यायाम घ्यायला मी वृद्धाश्रमांत जाते. चांगली ठिकाणं आहेत, भरपूर आहेत. आजोबा जेवले नाहीत म्हणून स्वतःही न जेवणाऱ्या मावशी मी पाहिल्यात. पण दुसरंही पाहिलंय.

एका आजींचा हात व्यायामासाठी उचलला तर मनगटाभोवती काळपट वळ. दुसऱ्या हातालाही तसाच. 'काय झालं हो आजी?' आजींनी आधी दाराकडे पाहिलं. दारात मावशी उभ्या होत्या. 'काही नाही गं, बांगडी रुतली.' हातात बांगडी नव्हतीच. मावशी गेल्यावर हळूच म्हणाल्या, 'रात्री फार हाका मारते ना मी, म्हणून बांधतात. माझंच चुकतं.'

'माझंच चुकतं' हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. ज्याच्या हातून पाण्याचा पेला मिळायचा आहे, त्याची तक्रार कोण करणार? म्हणून 'आई, इथे बरं आहे ना?' असं मॅनेजरसमोर विचारून काहीच कळत नाही. आई 'हो' म्हणणार. व्हिडिओ कॉलवर तर नक्कीच म्हणणार, कारण फोन धरणारा हात वृद्धाश्रमातल्याच माणसाचा असतो. पुण्यातल्या कितीतरी आई-वडिलांची मुलं परदेशात आहेत, त्यांना मी कळकळीने सांगते: महिन्यातून एकदा तरी न कळवता जाईल असं एखादं माणूस इथे ठेवा. मावसभाऊ, जुने शेजारी, कोणीही.

आणि गेल्यावर पेढे देऊन खुर्चीत बसू नका. चादर बाजूला करा. माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर लाल-काळे डाग किंवा जखम आहे का बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि रात्री ती बदलली जाते की नाही हे पाठ सांगते. दंडावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे डाग, सुकलेली जीभ, सैल पडलेला ब्लाउज, सकाळचाच भिजलेला डायपर. कोणी खोलीत आलं की आई अंग चोरते का, तेही बघा. नाकातली चमकी, चष्मा, कानाचं मशीन जागच्या जागी आहे का? आणि तुम्हाला आईजवळ पाच मिनिटंही एकटं सोडत नसतील, तर मला तेवढं एकच कारण संशयाला पुरेसं वाटतं.

'आता शांत असतात, छान झोपतात' हे ऐकून हायसं वाटतं. पण दुपारी बारालाही डोळा उघडत नसेल, जीभ जड झाली असेल, तर गोळ्यांचा चार्ट मागा आणि कोणत्या डॉक्टरांनी लिहिल्या ते विचारा. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना अँटिसायकोटिक (गंभीर मानसिक आजारांवरची) औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ सालीच दिला होता. कधी ती खरंच लागतात. पण रात्रपाळीला त्रास नको म्हणून द्यायची ती औषधं नव्हेत.

मावशींना दोष देणं सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार, अशा संस्थांतल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात आपल्या हातून गैरवर्तन झाल्याचं स्वतःच सांगितलं. इतक्या जणांच्या हातून घडतं, तेव्हा ते एकट्यादुकट्याच्या स्वभावावर ढकलता येत नाही. ब्युरोकडून आलेली, प्रशिक्षण न मिळालेली एक बाई रात्रभर पंधरा-वीस पलंग बघते. बांधण्याचं पाप तिच्या हातून घडतं, पण ती वेळ मालक आणतो. आणि मालकाला विचारणारं कोण? वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होती. ते मंजूर झालंच नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं.

मनगटावर वळ दिसलेल्या त्या आजींच्या लेकीला मी त्याच दिवशी फोन केला. मॅनेजरचं उत्तर तयार होतं: 'पडू नयेत म्हणून हो, आणि त्यांना काही आठवत नाही, काहीही बोलतात.' लेक भांडत बसली नाही, हे तिने फार शहाणपणाचं केलं. वळांचे तारखेसह फोटो काढले, आईला त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं आणि डॉक्टरांना सगळं केस पेपरवर लिहायला लावलं. वळ दोन आठवड्यांत जातात, कागद राहतो. मगच लेखी तक्रार केली आणि पोच घेतली.

आधी माणूस सुरक्षित जागी, मग वाद. जीवाला धोका असेल तर ११२. एरवी १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे लागत नाहीत. मारणं, बांधणं, कोंडणं हे गुन्हेच आहेत. असहाय माणसाला सांभाळायचा करार करून मुद्दाम हेळसांड करणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे. शिक्षा जेमतेम तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला ती फारच तोकडी वाटते, तरी तक्रार नोंदवाच.

'पण दुसरीकडे जागा मिळेपर्यंत काय?' हा प्रश्न खरा आहे, म्हणूनच लोक गप्प बसतात. जागा शोधायची सुरुवात पहिल्या शंकेलाच करा, पुराव्याची वाट बघू नका. आणि शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना भेटायला कोणीच येत नसेल, तर त्यांचीही चादर जरा बाजूला करून बघा. त्यांच्यासाठी १४५६७ ला फोन करायला नातं लागत नाही.