परवान्याची परीक्षा घेतं कोण?

मुक्त बाजाराची बाजू मांडणाऱ्या कुठल्याही थिंक टँकच्या, म्हणजे सरकारी धोरणांवर अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या, संशोधनाच्या विषयांची यादी उघडून बघा. कर, सरकारी खर्च, व्यापार, शिक्षण, आरोग्य, ऊर्जा, घरबांधणी, चलन. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच, आणि कर बहुतेकदा वरच्या ओळीत. मी गेली कित्येक वर्षं या संस्थांचे अहवाल वाचत आले आहे. त्यांची मूळ भूमिका मला मनापासून पटते, आणि म्हणूनच आज जरा भांडायचं आहे. पोट भरण्यासाठी माणसाला कुणाची परवानगी काढावी लागते, हा विषय यादीत खाली कुठेतरी ‘नियमन’ या शब्दाखाली दडपलेला असतो. तो सगळ्यात वर हवा.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात फुलांच्या रचना करून विकायच्या तर परवाना लागत असे. २०१० पर्यंत त्यासाठी लेखी परीक्षेच्या जोडीला प्रात्यक्षिकही होतं. उमेदवाराने ठरलेल्या वेळात, ठरवून दिलेल्या प्रकारच्या पुष्परचना करून दाखवायच्या. देठ कसे कापलेत, तार कशी गुंडाळली आहे, फुलं नीट पेलली गेली आहेत का, हे तपासायला परीक्षक. आणि हे परीक्षक म्हणजे आधीच परवाना मिळालेले फुलवाले. ज्यांच्या समोर उद्या या उमेदवार बाईचं दुकान उघडणार, तेच आज तिच्या हाताला सफाई आहे की नाही ते ठरवणार! गुच्छ वाईट बांधला तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, यापलीकडे कुणाचं काय बिघडतं? एखादी बाई नापास झाली की तिचा व्यवसाय सुरू होण्याआधीच संपला.

फुलं हा किरकोळ विषय वाटत असेल तर केसांचं बघू. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राज्याराज्यांतले परवान्याचे नियम एकत्र मांडले. रुग्णवाहिकेत रुग्णाचा जीव सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सरासरी ३३ दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं, आणि केस-त्वचेची निगा राखणाऱ्या ब्यूटिशियनला ३७२ दिवसांचं. मला विचाराल तर थिंक टँकने करावं असं काम हेच. मोठा सिद्धांत लागत नाही. नियमांची पुस्तकं उघडायची, दिवस मोजायचे, फी मोजायची आणि शेजारी शेजारी ठेवायची.

असा नियम टिकतो कसा, हे अर्थशास्त्रज्ञ जेम्स ब्यूकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वी उलगडून दाखवलं. ब्यूकॅनन यांना १९८६ चं नोबेल मिळालं ते याच धर्तीच्या कामासाठी. नियमाचा फायदा मूठभरांना होतो, ते संघटित असतात, प्रत्येक सुनावणीला हजर राहतात. तोटा हजारोंमध्ये वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा येतो की कुणी कामधंदा सोडून भांडायला जात नाही. त्यातही ज्याला धंद्यात शिरताच आलं नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. बंद पडलेला कारखाना बातमीत येतो, न उघडलेलं दुकान येत नाही. ही न झालेली नोंद करणं म्हणजे संशोधन, असं मी मानते.

आणि हा प्रश्न चिमूटभर लोकांचा राहिलेला नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साधारण ५ टक्के कामगारांना सरकारी परवाना लागायचा, आज पाचांतल्या एकाहून जास्त जणांना लागतो. २०१५ मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसने यावर अहवाल काढला, तोही काळजीच्या सुरात. डावे-उजवे दोघंही मान डोलावतात असे विषय किती असतात?

‘मग डॉक्टरलाही परवाना नको का?’ हा प्रश्न कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगते. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचं उत्तर होतं, नको. इथे मी त्यांच्याबरोबर नाही. भूल देऊन टेबलावर झोपवलेल्या माणसाला डॉक्टर पारखून घेता येत नाही. पण बंदी आणि मोकाट यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत: नोंदणी, तपासणी, विमा, ऐच्छिक प्रमाणपत्र. परवाना ही शेवटची पायरी, आणि तिथे चढण्याआधी खालच्या पायऱ्या का पुरत नाहीत हे परवाना मागणाऱ्याने सिद्ध करावं.

परवाना एकदा दुर्मीळ झाला की तोच माल होतो. न्यूयॉर्कमध्ये १९३७ च्या कायद्याने टॅक्सींच्या संख्येवर मर्यादा घातली. २०१४ च्या आसपास एका टॅक्सीच्या परवान्याची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली होती. गाडीची नव्हे, परवान्याची. मग मोबाइलवरून बोलावता येणाऱ्या गाड्या आल्या आणि भाव कोसळला. त्यात बुडाले ते कर्ज काढून परवाना घेतलेले चालक. मुक्त बाजारवाल्यांनी या चालकांबद्दलही तळमळीने लिहायला हवं होतं. स्पर्धा आली हे चांगलंच झालं, पण खोट्या टंचाईवर ज्यांना आयुष्याची कमाई लावावी लागली, त्यांचा दोष काय?

शाळानिवडीबद्दल, शेतीच्या अनुदानाबद्दल भरपूर लिहिलं जातं. स्वीडनचं १९९२ चं शाळानिवडीचं धोरण, न्यूझीलंडने १९८४ पासून बंद केलेली शेतीची अनुदानं, हे दाखले आता पाठ झालेत. मला त्याहून शिकवणारं वाटतं ते अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या हॅलिबट या माशाच्या मासेमारीचं. मासे संपू नयेत म्हणून सरकार हंगाम आखडत गेलं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या भागात वर्षाकाठी एकेका दिवसाच्या दोन-तीन खेपाच उरल्या. ठरलेल्या घटकेला सगळ्या होड्या एकदम सुटायच्या. वादळ असलं तरी निघावंच लागे, कारण आजची खेप चुकली तर वर्ष गेलं. झोप नाही, होड्या गळ्यापर्यंत भरलेल्या, आणि वर्षभराचा मासा एकाच वेळी धक्क्यावर आल्यामुळे बहुतेक गोठवावा लागायचा. १९९५ पासून प्रत्येक होडीमालकाला स्वतःचा, विकता येणारा कोटा, म्हणजे ठरावीक मासा पकडण्याचा हक्क, मिळाला. हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला. वारा बघून निघायची मुभा मिळाली, ताजा मासा बाजारात येऊ लागला. मालमत्तेचा हक्क नीट आखला तर माणसाचा जीवही वाचतो, हे इतकं लख्ख दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पण अहवालांमध्ये अर्धीच गोष्ट येते. कोटा वाटला गेला तो आधीच्या मासेमारीच्या हिशेबाने, होडीच्या मालकांना. त्याच होडीवर वर्षानुवर्षं गळ ओढणाऱ्या खलाशाच्या वाट्याला काही आलं नाही. त्याला स्वतःची मासेमारी सुरू करायची तर आधी कोटा विकत घ्यायचा. फुलवालीला अडवणारं दार आणि या खलाशाला अडवणारं दार यांत मला फरक दिसत नाही, फक्त दुसऱ्या दारावर ‘बाजार’ असं लिहिलेलं आहे. सुरुवातीची वाटणी लिलावाने करता आली असती, खलाशांना हिस्सा देता आला असता. या पर्यायांवर मुक्त बाजारवाल्यांनीच सगळ्यात जास्त खल करायला हवा.

तो कमी होतो याचं एक कारण पैसा आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. लंडनची इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स ही मुक्त बाजारवादी थिंक टँक १९५५ मध्ये उभी राहिली ती अँटनी फिशर यांच्या पुढाकाराने. राजकारणात पडू नका, विचार बदला, असा सल्ला त्यांना अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी दिला होता. फिशर यांनी स्वतः कोंबडीपालनाच्या धंद्यात शिरून पैसा केला होता. पण आज देणगी देण्याची ऐपत असते ती बहुतेकदा आत शिरून स्थिरावलेल्यांची, आणि त्यांना टोचणारी गोष्ट असते कर. फुलांच्या परीक्षेत नापास झालेली बाई कुठून देणगी देणार?

म्हणून नवा अहवाल हातात आला की मी आधी एकच शोधते: देणगीदारांच्याच पंगतीत बसणाऱ्या एखाद्या मोठ्या उद्योगाला मिळणारं आयातशुल्काचं संरक्षण, अनुदान किंवा कोटा काढून टाका, असं त्यात नाव घेऊन लिहिलंय का? लिहिलेलं असेल तर कराचं प्रकरणही मी शेवटपर्यंत वाचते.