उलटे पडलात तुम्ही

तीन दिवस झाले, मान अजून डावीकडे वळत नाही. खेळण्यातल्या गाडीने मान कशी आखडेल, असं घरचे विचारतात. आखडते. सांगतो.

एक हातभर लांबीची रिमोटची गाडी असते, १:१० मापाची. तिच्या कपाळावर कॅमेरा. आपण ट्रॅकबाहेर खऱ्यासारख्या सीटवर बसायचं, समोर स्टिअरिंग, खाली पेडल, आणि गाडीला जे दिसतं ते आपल्याला स्क्रीनवर दिसतं. कॅमेरा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, त्यामुळे ताशी २० किलोमीटर वेगही २०० वाटतो. डोळे म्हणतात पळतोय, कान म्हणतात बसलोय, आणि या भांडणात पोट उगाच मध्ये पडतं.

दुसऱ्याच वळणावर मी उलटलो. ट्रॅक डोक्यावर गेला, छताचे दिवे पायाखाली आले. मी नीट दिसावं म्हणून मान वाकडी करून बघू लागलो. आखडली ती तिथेच.

तेवढ्यात मागून आवाज आला. "उलटे पडलात तुम्ही."

एक गृहस्थ. हात पाठीमागे बांधलेले. ते खेळायला आले नव्हते, नुसतेच उभे होते.

"हो, दिसतंय."

"मग सरळ करा ना."

"इथून नाही होत. त्यांचा माणूस येऊन उचलतो."

"रिव्हर्स टाकून बघा."

चाकं आभाळाकडे असताना रिव्हर्स! पण त्यांच्या सुरात असा काही अधिकार होता की मी टाकला. चाकं हवेत उलटी फिरली.

"फिरतायत," ते समाधानाने म्हणाले. "म्हणजे इंजिनाला काही झालं नाही."

आत बॅटरी आणि मोटर असते, इंजिन नसतं. पण उलटं लटकून शास्त्र कोण सांगणार?

मग स्क्रीनवर एक बूट आला. दुमजली. नाडी सुटलेली. मागोमाग पाच बोटं उतरली, प्रत्येक खांबाएवढं, एकाच्या नखाखाली काळं. जग गर्रकन फिरलं आणि मी चाकांवर आलो.

"आता उजवीकडे!" गृहस्थ ओरडले. मी उजवीकडे वळवली. भिंत.

"अहो, माझ्या उजवीकडे!"

ते स्क्रीनकडे बघतच नव्हते, ट्रॅककडे बघत होते. गाडी आपल्या दिशेने येत असली की तिची उजवी ती आपली डावी होते. हाच घोळ नको म्हणून गाडीत कॅमेरा बसवतात. इथे घोळ उभ्याउभ्या बोलत होता.

त्यात चित्र उशिरा पोचतं. सेकंदाचा दहावा भाग उशीर धरला, तरी २० च्या वेगाला गाडी अर्ध्या मीटरहून जास्त पुढे गेलेली असते, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षाही पुढे. मी वळण बघत नव्हतो, वळणाची बातमी बघत होतो. शेजारच्या सीटवरच्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला हे उपजतच कळत असावं. ते वळण यायच्या आधीच वळायचं आणि वर जांभईही द्यायचं.

पण एक गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही. गाडी उलटली तरी घड्याळ थांबत नाही. आठ गाड्यांना उचलणारा माणूस एक. माझ्या आठ मिनिटांतली तीन मिनिटं मी छत बघण्यात घालवली. काउंटरवर सांगितलं तर, "सर, सिस्टिममध्ये तसं ऑप्शन नाही." गाडीत ट्रान्सपाँडर, म्हणजे गाडीची ओळख कळवणारं छोटं यंत्र, शेवटच्या रेषेखाली ती ओळख टिपणारी तार, फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. शेजारच्या पोराची सगळ्यात वेगवान फेरी तीन दशांश स्थळांसह मोठ्या पडद्यावर झळकत होती. आणि चाकं वर आहेत की खाली, एवढं मात्र त्या सिस्टिमला कळत नाही! पैसे परत नकोत, तीन मिनिटं द्या म्हटलं. तीही नाहीत.

परत येऊन सीटवरची पिशवी घेत होतो, तर गृहस्थ तिथेच.

"मला वाटतं," ते खाजगी आवाजात म्हणाले, "तुमचा हँडब्रेक राहिला होता."

त्या गाडीला हँडब्रेक नसतोच. ते गेल्यावर मी सीटखाली हात घालून बघितला.