‘व्हॅनमध्ये खोकं ठेवून दिलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

दोन स्टार दिलेत, पण रिव्ह्यू सविस्तर लिहिलात. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: मारुतीच्या ईको व्हॅनच्या मागे लाकडी खोकं ठेवून आम्ही कॅम्परचे, म्हणजे मुक्कामाला झोपता येईल अशा गाडीचे, पैसे घेतले. फ्रिज तोरणमाळला दुसऱ्या रात्री बंद पडला. एसी आणि छपरावरचा तंबू बसवून दिला नाही. आणि तुम्हाला टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची होती, ती आम्ही घेऊ दिली नाही. फोनवर आपलं बोलणं झालंच आहे. पण अशीच गाडी शोधणारे धुळ्या-नंदुरबारकडचे लोक हे पान वाचतात, म्हणून इथेही लिहितो.

ट्रॅव्हलरचं आधी घेऊ. तुम्ही मोबाइलवर फोटो घेऊन आलात, तेव्हा मी विचारलं होतं की गाडी रोज कोण चालवणार आणि रात्री कुठे उभी राहणार. उत्तर तुमचंच होतं: पोरांना क्लासला सोडायला वहिनी चालवतील, उभी राहील गावठाणातल्या गल्लीत. मुक्कामी फिरणं म्हणजे वर्षाकाठी एखाद-दोन वेळा तोरणमाळ, कधी पाटणादेवी, आणि थंडीत शेतातली भरीत पार्टी. एवढ्यासाठी ट्रॅव्हलर घेतली असती तर ती बाहेर रोडवर उभी करून रोजच्या कामाला दुसरी गाडी ठेवावी लागली असती. मग ‘एकाच गाडीत दोन्ही कामं’ हा तुमचा हट्ट राहिला कुठे?

ईको लांबीला ३६७५ मिलिमीटर, रुंदीला १४७५. म्हणजे बारा फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद. मागच्या सीटची दोन्ही बाजूंची दारं सरकती असल्यामुळे अरुंद गल्लीत भिंतीला खेटून उभी केली तरी माणसं उतरतात. डिकीचं दार वर उघडतं, त्याच्याखाली उभं राहून चहा करता येतो, केळीचे क्रेट चढवता येतात. खानदेशातल्या चार जणांच्या घराला रोजच्या वापरासाठी आणि अधूनमधून मुक्कामासाठी या पैशात याहून सोयीची गाडी मला तरी दिसत नाही. हे माझं मत आहे, मी कुठल्या कंपनीचा एजंट नाही.

तिच्यात खोट नाही असंही नाही, आणि ती ऑर्डर घेतानाच सांगतो. १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन पुढच्या सीटखाली बसतं. मे महिन्यात भुसावळहून धुळ्याला गेलात की ड्रायव्हरला ते बुडाखाली जाणवतं. गाडी उंच आणि अरुंद असल्याने हायवेवर शेजारून ट्रक गेला की हलते. भरल्या गाडीने एसी लावून कन्नडचा घाट चढायचा तर गिअर खाली टाकावाच लागतो. तुम्ही लिहिलंत की ‘घाटात दम खाते’. खाते. पण ताकद मागच्या चाकांना असल्यामुळे मागे वजन असूनही चढावर चाकं पकड सोडत नाहीत, हेही तोरणमाळच्या वळणांवर तुमच्या लक्षात आलं असेल. सीएनजी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: टाकी मागच्याच जागेत येते. त्या गाडीसाठी आमची पेटी (तुमचं ते खोकं) वेगळ्या मापाची करावी लागते आणि सामानाला जागा कमी उरते.

आता खोकं. खोकं म्हणा, माझी हरकत नाही. १२ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायचं आहे, कडांना ॲल्युमिनियमचा अँगल, बिजागरीच्या प्रत्येक जागी रबराचं वॉशर. हे वॉशर कशाला, असं बरेच जण विचारतात. खराब रस्त्यावर प्लायवर प्लाय आपटून जी खडखड सुरू होते ती माणसाचं डोकं उठवते, आणि दोन पावसाळ्यांत स्क्रूची भोकं मोठी करते. जळगाव-अजिंठा रस्त्याचं काम चालू होतं त्या काळात आमच्याकडे दुसरीकडून बनवून आणलेली फर्निचरं दुरुस्तीला यायची. त्यांची सगळी रड याच एका जागी असायची. १८ मिलिमीटरचा प्लाय वापरला असता तर पेटी ठोकून बघताना भारी वाटली असती. पण आठ बाय चारच्या एकेका शीटमागे दहा-अकरा किलो वजन वाढलं असतं, आणि ते तुम्ही वर्षभर पेट्रोल जाळून मिरवलं असतं.

पेटी हाताने फिरवायच्या चार नटांवर बसते, पाना लागत नाही. घडीच्या फळ्या उघडल्या की सहा फुटांचा बिछाना होतो. सहा फुटांच्या वरच्या माणसाला तिरकं झोपावं लागतं, आणि तुमचे मेहुणे उंच आहेत त्याला माझा इलाज नाही. काढायला-लावायला अर्धा तास लागतो असं तुम्ही म्हणता. पहिल्यांदा लागतोच. सकाळी पेटी ओट्यावर उतरवली की ती परत शाळेची, दवाखान्याची आणि लग्नाची गाडी होते. पक्कं फर्निचर ठोकलं असतं तर आईंना जळगावला डॉक्टरकडे नेताना कुठे बसवलं असतं?

पक्कं न ठोकण्यामागे कायदाही आहे, आणि इथे आम्ही हट्टी आहोत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेशी आणि आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. सीटा उपटून, बॉडीला वेल्डिंग करून, छत कापून ‘कॅम्पर’ करून देणारे आहेत. त्यांचं काम फोटोत छान दिसतं. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरने गाडी उघडून बघितली की मालक एकटा पडतो. मंजुरी घेऊन बनणाऱ्या मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची पक्की सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. तो मार्ग सरळ आहे, पण खर्च आणि गाडी दोन्ही तुमच्या-माझ्या बजेटच्या पलीकडची. म्हणून आम्ही सीटा, बेल्ट, बॉडी कशालाच हात लावत नाही. पेटी हे सामान आहे, आणि सामानासारखंच ते उतरतं.

फ्रिजचं मात्र हिशोबाने बोलू. तुमची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची, म्हणजे १२८० वॅट-तास (वॅट गुणिले तास) वीज साठवणारी. फ्रिजचा काँप्रेसर चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो. थंड जागेत तो मधूनमधून चालतो, म्हणून दोन दिवस सहज निघतात. पण बंद गाडी दिवसभर उन्हात, आत कोमट पाण्याच्या बाटल्या आणि दर थोड्या वेळाने पोरं झाकण उघडणार, असं झालं की काँप्रेसर थांबतच नाही. ४५ गुणिले २४ म्हणजे १०८०. वर रात्रभराच्या पंख्याचे शे-सव्वाशे. दुसऱ्या रात्री बॅटरी संपणारच, आणि तिने स्वतःला बंद करून घेतलं हे चांगलंच झालं. तुम्ही तोरणमाळच्या यशवंत तलावाजवळ दोन दिवस गाडी जागची हलवली नाही. गाडी चालू असती तर चार्जरने तासाला अडीचशेच्या आसपास वॅट-तास भरले असते. शहाद्याला भाजी आणायला जाऊन आला असता तरी फ्रिज चालू राहिला असता. घडीचं १०० वॅटचं सोलर पॅनल मी तेव्हाही सुचवलं होतं. ते छतावर पक्कं न बसवता सुटं घ्यायचं, म्हणजे गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात ठेवता येतं. चांगल्या उन्हात दिवसाला चारशेच्या जवळपास वॅट-तास येतात. बाटल्या घरून गार करून न्या, अर्धं काम तिथेच होतं.

आता याच आकड्यात एसी बसवून बघा. बॅटरीवर चालणारा छोटा एसीसुद्धा पाचशे-सहाशे वॅट मागतो. दोन-अडीच तासांत सगळं खलास, आणि बाहेर अजून मध्यरात्रही झालेली नसते. एकच पत्रा असलेल्या गाडीत जळगावच्या मेमध्ये झोपायचा विचारच सोडा. आपल्याकडे कॅम्परचा हंगाम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात झोपायचंच असेल तर हजार मीटरच्या वर, म्हणजे तोरणमाळलाच. तिथे जाळी लावून दोन्ही दारं थोडी उघडी आणि पंखा, बस्स.

छपरावरचा तंबू पन्नास-साठ किलोचा असतो. आधीच उंच आणि अरुंद असलेल्या गाडीच्या डोक्यावर तो चढवून तुम्हाला घाटात पाठवणं मला जमणार नाही, दुसऱ्या कोणी बसवून दिला तरी माझा सल्ला हाच. टॉयलेटबद्दल काय बोलू, बारा फुटांच्या गाडीत चार जण झोपलेले असताना ते कोण वापरणार? आणि जाता जाता, फोटोत शेगडी गाडीच्या आत पेटवलेली दिसली. तेवढं करू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शेगडी बाहेर, गाडीपासून चार पावलं लांब.

एवढं वाचूनही ट्रॅव्हलरच हवी असेल तर मनमोकळेपणाने घ्या. पेटी आम्ही परत घेऊ, प्लायची हालत बघून किंमत समोरासमोर ठरवू. बॅटरी, चार्जर आणि फ्रिज मोठ्या गाडीत जसेच्या तसे बसतात, ते विकू नका. आणि ईकोच ठेवणार असाल तर येताना फ्रिज घेऊन या. झाकणाचं रबर तपासून, पॅनलची वायर जोडून देतो. वायरिंगचे पैसे लागणार नाहीत, पॅनलचे लागतील. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून कधीही या.