रविवारची वाळू

‘तुमचं बरंय बे, दर रविवारी समुद्र!’ सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत शाळेतला मित्र भेटला आणि हेच म्हणाला. मागं पाळणा करकरत होता, हातात भज्यांचा कागद होता. मी नुसता हसलो. खरं सांगत बसलो असतो तर भजी गार झाली असती.

मुळात सोलापूरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय? आमचं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव, कंबर तलाव आणि चार-पाच दिवसांनी एकदा येणारा नळ. पोहायला शिकलो तो मामाच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. विहिरीचं पाणी सभ्य असतं. उडी मारली तेव्हा जिथं होतं, वर आलो तरी तिथंच असतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला गेल्यावर पहिल्यांदा कॉटस्लोच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात ऐटीत उभा राहिलो, तर लाटेनं मागून असा रट्टा दिला की पीटीचे सर आठवले. नाडा घट्ट होता म्हणून अब्रू वाचली.

पण जावं लागतं. तिथं सोमवारी ऑफिसात ‘वीकेंडला काय केलं?’ असं हटकून विचारतात. ‘ज्वारीचं पीठ शोधत हिंडलो’ हे उत्तर फार तर दोनदा खपतं.

उन्हाळा तिकडं डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे पोरांना सनस्क्रीन फासणं. सणाच्या आधी भिंतीला चुना मारावा तसं एकानं धरायचं, दुसऱ्यानं मारायचं. कानामागं राहिलं, मानेवर राहिलं. मग ते अंगात मुरायला वीस मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात धाकटी सोफ्यावर लोळते आणि क्रीम सोफ्यात मुरतं. मी मे महिन्याच्या ४३ अंशांत बोडक्यानं सायकल हाणलेला माणूस. पण ही पाच वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून मला सांगते, ‘बाबा, नो हॅट, नो प्ले!’ शाळेत तसा नियमच आहे. १९८१ साली तिथं एक जाहिरात निघाली होती. तीत कार्टूनमधला एक सीगल पक्षी लोकांना सांगायचा, शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला. आज त्याच जातीचे पक्षी पोरांच्या हातातले चिप्स पळवतात. फुकटचा सल्ला कुणी देत नाही, हेच खरं.

पार्किंगसाठी इतक्या फेऱ्या माराव्या लागतात, की तेवढ्यात इकडं सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांचं दर्शन झालं असतं. मग तंबू, बादल्या, फावडी आणि ‘एस्की’ नावाची थंडपेटी घेऊन तापल्या वाळूतून वरात निघते. पाण्यात लाल-पिवळे दोन झेंडे, त्यांच्या मधेच पोहायचं. जीवरक्षकांचं लक्ष तिथंच असतं. ‘तुझ्या विहिरीला झेंडे नव्हते, इथं आहेत. मधेच राहा,’ ही बायकोची सूचना दर रविवारी न चुकता.

दुपारी नैर्ऋत्येकडून वारा सुटतो. उकाड्यावर उतारा म्हणून लोक त्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. हा डॉक्टर व्हिजिटला आला की आधी तंबू उडतात. गोरी माणसं आपापल्या छपरांमागं पळतात. आम्ही मात्र सोलापुरी चादर अंथरलेली. चार कोपऱ्यांवर चार चपला, मधे मी. तसूभर हलली नाही. त्या क्षणी मला आमच्या चादरींच्या बाजाराचा, चाटी गल्लीचा जो अभिमान वाटला, तो तिथं दुकानात घासाघीस करताना कधी वाटला नव्हता.

शेंगाचटणीचं मात्र वाटोळं झालं. प्रत्येक घासाला कचकच. एका सीगलनं कडक भाकरीचा तुकडा पळवला, लांब नेला, दोनदा चोच मारून पाहिली आणि माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की मीच ओशाळलो. तुकडा तिथंच टाकून तो चिप्सवाल्यांकडं गेला.

खरा घात केला टर्किश टॉवेलांनी. सोलापूरहून प्रेमानं नेलेले डझनभर. पाणी पिण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण त्यांच्या सुताच्या फंद्यांना पाणी आणि वाळू यांतला फरक कळत नाही. ती वाळू गाडीत, मग मशीनमध्ये, मग उशीच्या अभ्र्यात. मंगळवारी रात्री पाय पसरले तरी किनारा लागायचा.

एका रविवारी किनाऱ्यावरून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिथं सकाळचे आठ, इथं साडेपाच. नेमकं पाणी आलेलं. मी फोन समुद्राकडं फिरवला. ‘केवढं पाणी हे!’ म्हणाली, आणि लगेच, ‘पण खारंच ना?’ मी सांगितलं, तेच गोडं करून नळाला सोडतात, क्विनानाला २००६ पासून कारखाना आहे. ‘मग उजनीवाल्यांना सांग की!’ तेवढ्यात मागच्या शॉवरखाली कुणीतरी पाय धूत उभं होतं. ‘त्याला म्हणावं नळ बंद कर,’ असं बजावून तिनं फोन ठेवला.

यंदा शाळेला सुट्टी म्हणून गड्ड्याला आलो. परवा आईनं आमच्या बॅगेतला टॉवेल अंगणात झटकला तर चमचाभर हिंदी महासागर खाली पडला. तिनं तो केरसुणीनं कडेला लोटला. पोरांचं तिकडं लक्षच नव्हतं. समोर बांधकाम चालू आहे, रस्त्यालगत वाळूचा ढीग. दोघं सकाळपासून त्यावर, अनवाणी, बोडक्यानं, अंगाला क्रीमचा थेंब नाही.

‘अरे, त्या वाळूत मांजरं येतात!’ बायको गॅलरीतून ओरडली.

‘शार्क तर नाही ना,’ मी म्हणालो आणि खुर्ची घेऊन ढिगाशेजारी बसलो. दोन्ही बाजूंना एकेक लाल बादली पालथी घालून पोरांना हद्द आखून दिली. पाच मिनिटं झाली नसतील, आतून आईची हाक आली, ‘पाणी आलंय बघ! कुठं नेल्यास बादल्या?’